उठण्याचे बळ : मुष्टियोद्धा बार्नी रॉस



मुष्टियुद्धाचा एक साधा नियम आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. ठोसा लागून खाली पडलेला खेळाडू पंचाने दहा अंक मोजण्याच्या आत उभा राहिला, तर लढत पुढे चालू राहते. उभा राहू शकला नाही, तर ती तेथेच संपते. या खेळाच्या इतिहासात असे मोजकेच योद्धे होऊन गेले, की ज्यांच्यासमोर हे अंक कधी पूर्ण मोजले गेले नाहीत. अमेरिकेचा बार्नी रॉस हा त्यांपैकी एक होय. १९२९ ते १९३८ या कालावधीत तो ८१ व्यावसायिक लढती लढला. त्यांपैकी ७२ त्याने जिंकल्या, अवघ्या चार गमावल्या, आणि त्या चारही केवळ गुणांवर. बाद होऊन तो एकदाही हरला नाही.

परंतु या आकड्यांसाठी त्याचे चरित्र आपल्यापुढे ठेवण्याचे प्रयोजन नाही. रिंगणात ज्याला कोणी बाद करू शकले नाही, त्याला पुढे एका इवल्याशा सुईने जमीनदोस्त केले. त्या जमिनीवरून तो कसा उठला, हा त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि तोच बहुधा सर्वांत कमी सांगितला जातो.

रॉसचा जन्म २३ डिसेंबर १९०९ रोजी न्यूयॉर्क येथे एका गरीब यहुदी कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव दोव्ह-बेर डेव्हिड रोसोफ्स्की. हिब्रू भाषेत ‘दोव्ह’ म्हणजे अस्वल, आणि पूर्व युरोपातील यहुद्यांच्या यिद्दिश भाषेत ‘बेर’ म्हणजेही अस्वल! पुढे या मुलाच्या अंगी जो चिवटपणा दिसून आला, तो पाहता हे नाव त्याला शोभून दिसले, असेच म्हणावे लागेल. त्याचे आईवडील तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ब्रेस्ट-लिटोव्हस्क या गावचे. यहुद्यांवर होणाऱ्या अत्याचारांना कंटाळून ते अमेरिकेत आले होते. काही काळाने हे कुटुंब शिकागो शहरातील मॅक्सवेल स्ट्रीट या गजबजलेल्या वस्तीत स्थायिक झाले. वडिलांचे तेथे किराणा मालाचे छोटे दुकान होते. परंतु त्यांचे मन रमे ते धर्मशास्त्राच्या अध्ययनात. दोव्ह-बेरने तालमूद या यहुदी धर्मग्रंथाचा शिक्षक व्हावे, अशी त्यांची मनीषा होती. मारामारी हे आपल्या लोकांचे काम नव्हे, अशीच त्यांची शिकवण होती.

१९२३ च्या डिसेंबरमध्ये त्या दुकानात चोर शिरले. वडिलांनी प्रतिकार केला आणि चोरांच्या गोळीने त्यांचा अंत झाला. मुलगा तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. त्या आघाताने आईचे मन खचले आणि ती अंथरुणाला खिळली. घर विस्कटले. तीन धाकट्या भावंडांना अनाथाश्रमात व नातेवाइकांकडे पाठवावे लागले.

वाचकहो, ज्या मुलाला धर्मशास्त्राचा शिक्षक व्हायचे होते, त्याच्या अंतःकरणात तेव्हा काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना आपण करू शकता. तो देवावर रुसला. वडिलांनी शिकवलेल्या प्रार्थना त्याने टाकून दिल्या. रस्त्यावरच्या टोळक्यांत तो मिसळला, हाणामाऱ्या करू लागला, जुगाराच्या अड्ड्यांभोवती घुटमळू लागला. कुप्रसिद्ध गुंड अल कपोन याच्या माणसांची बारीकसारीक कामेही त्याने केली. तो पुरता वाया जायचा. पण एका ध्यासाने त्याला वाचवले. भरपूर पैसा मिळवायचा, भावंडांना घरी आणायचे आणि आईला पुन्हा उभे करायचे! हा पैसा हातांच्या मुठींतून मिळू शकतो, असे त्याला दिसले. आईला कळू नये म्हणून त्याने नाव बदलले, आणि दोव्ह-बेर रोसोफ्स्कीचा बार्नी रॉस झाला.

त्याचा ठोसा फार जबर नव्हता. कारकिर्दीतील ७२ विजयांपैकी केवळ २२ विजय प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळालेले आहेत. त्याचे सामर्थ्य निराळेच होते. चपळ पाय, शांत डोके आणि कितीही मार बसला तरी न ढळणारी उभारी, हे ते सामर्थ्य होते. २३ जून १९३३ रोजी शिकागो येथे टोनी कान्झोनेरी याला गुणांवर हरवून त्याने लाइटवेट व ज्युनिअर वेल्टरवेट अशी दोन विश्वविजेतेपदे एकाच रात्री मिळवली. त्याच वर्षाच्या आरंभी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. अशा काळात एका यहुदी तरुणाने जगज्जेता व्हावे, याचे मोल त्याच्या समाजाला किती वाटले असेल! आणि मिळालेल्या पैशाचे त्याने काय केले? आईसाठी घर केले आणि भावंडांना परत आणले. ज्या कारणासाठी त्याने हातमोजे चढवले होते, ते कारण सिद्धीस गेले. पुढे १९३४ व १९३५ या दोन वर्षांत जिमी मॅक्लार्निन याच्याशी त्याचे पंधरा-पंधरा फेऱ्यांचे तीन सामने झाले. पहिला रॉसने जिंकला, दुसरा गमावला, तिसरा पुन्हा जिंकला, आणि वेल्टरवेट गटाचे विजेतेपदही त्याच्याकडे आले.

त्याची खरी कसोटी लागली ती मात्र पराभवाच्या रात्री. ३१ मे १९३८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याची गाठ हेन्री आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय योद्ध्याशी पडली. आर्मस्ट्राँग वजनाने हलका, पण वादळासारखा. क्षणभरही विश्रांती न घेता तो ठोशांचा वर्षाव करीत असे. पहिल्या काही फेऱ्यांत रॉसने त्याला तोंड दिले. मग एकाएकी त्याच्या पायांतील बळ सरले. अठ्ठाविसाव्या वर्षीच शरीर थकले होते. त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये त्याने जो मार खाल्ला, तो पाहणाऱ्यांना असह्य झाला. चेहरा सुजला, डोळे मिटत आले. त्याच्या साहाय्यकांनी लढत थांबवण्याची तयारी केली. पंच आर्थर डोनोव्हन यांनीही विचारणा केली. रॉसने सर्वांना नकार दिला. विजेत्याने आपले पद पायांवर उभे राहूनच सोडले पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. पंधराव्या फेरीची घंटा झाली तेव्हा तो हरलेला होता, पण उभा होता. त्यानंतर तो कधीही रिंगणात उतरला नाही.

एवढ्यावरच त्याचे चरित्र संपले असते, तर एका हट्टी शूराची कथा म्हणून आपण ती विसरूनही गेलो असतो. परंतु पुढे महायुद्ध आले. १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वयोमर्यादेची खास सूट घेऊन, तो अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला. जवानांना मुष्टियुद्ध शिकवण्याचे सुरक्षित काम त्याला सहज मिळाले असते. त्याने आघाडी मागून घेतली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पॅसिफिक महासागरातील ग्वाडलकॅनाल बेटावर तो व त्याचे काही सोबती जपानी सैनिकांच्या वेढ्यात सापडले. सोबती जखमी होऊन पडले. रॉस स्वतःही जखमी होता. तरी त्याने त्यांच्या बंदुका व हातबॉम्ब गोळा केले आणि एका खड्ड्यात राहून रात्रभर एकट्याने शत्रूला थोपवून धरले. त्या रात्री तो कित्येक तास प्रार्थना करीत होता आणि त्यांतील अनेक प्रार्थना हिब्रू भाषेतील होत्या, असे त्याने पुढे सांगितले. लहानपणी टाकून दिलेले शब्द त्या खड्ड्यात त्याला पुन्हा सापडले! पहाटे जिवंत राहिलेल्या, स्वतःहून कितीतरी वजनदार असलेल्या सोबत्याला त्याने खांद्यावर घेऊन सुरक्षित स्थळी आणले. या पराक्रमाबद्दल त्याला सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक देण्यात आले.

त्याच बेटावर फादर फ्रेडरिक गेरिंग या कॅथलिक धर्मगुरूंशी त्याची मैत्री जडली. ते तेथील सैनिकांचे चॅप्लेन होते. १९४२ च्या नाताळात मध्यरात्रीची मिस्सा व्हायची होती. जवळ असलेला ऑर्गन मोठा लहरी. तो वाजवू शकेल असा माणूस म्हणजे हा यहुदी मुष्टियोद्धा! त्याने नाताळची गीते शिकून घेतली आणि घरापासून हजारो मैल दूर, मृत्यूच्या छायेत बसलेल्या ख्रिस्ती जवानांसाठी ती वाजवली. मग फादरांनी त्याला त्याच्या स्वतःच्या लोकांचे एखादे गीत वाजवण्याची विनंती केली. त्याने यहुदी मातेच्या प्रेमाचे एक गीत वाजवले. पूर्वी तो रिंगणात उतरे तेव्हा याच गीताची धून वाजत असे.

आता त्या सुईकडे वळू. जखमा आणि हिवताप यांमुळे रॉस इस्पितळात पडून होता. वेदना शमवण्यासाठी त्याला मॉर्फिन देण्यात येई. वेदना ओसरल्या, पण मॉर्फिन सुटले नाही. मायदेशी परतल्यावर लोक त्याला वीर म्हणून मिरवत होते, आणि तो चोरून सुई टोचून घेत होता. कमावलेला पैसा त्या विषापायी वाहून गेला. शरीर खंगले. संसार मोडण्याच्या बेतास आला. पत्नी त्याला सोडून गेली.

ज्याची सारी ख्याती न पडण्यावर उभी होती, त्याला आपण पडलो आहोत हे सांगणे किती कठीण गेले असेल? आर्मस्ट्राँगच्या रात्री त्याने साहाय्यकांचा हात झिडकारला होता. त्या हट्टाचे जगाने कौतुकच केले होते. येथे मात्र तोच हट्ट त्याला मरणाकडे नेत होता. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये रॉस स्वतःहून सरकारी अधिकाऱ्यांकडे गेला आणि आपण व्यसनाच्या आहारी गेलो आहोत, उपचारासाठी आपल्याला पाठवा, असे त्याने सांगितले. बातमी वर्तमानपत्रांत झळकली. जो वीर, जो जगज्जेता, तोच गर्दुल्ला, हे साऱ्या देशाला समजले. त्याने ती लाज पत्करली. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे व्यसनी रुग्णांसाठी सरकारी इस्पितळ होते. तेथे तो दाखल झाला. औषधाची मात्रा हळूहळू कमी करत नेण्यात येई आणि त्या काळात शरीराचा कण न् कण त्या विषासाठी आक्रोश करी. स्वेच्छेने आलेल्या रुग्णाला स्वेच्छेने निघूनही जाता येत असे. रॉस गेला नाही. १९४७ च्या जानेवारीत तो व्यसनमुक्त होऊन बाहेर पडला. त्याची पत्नीही पुढे त्याच्याकडे परत आली.

उरलेली वर्षे त्याने आपली ही कथा लपवली नाही. तरुणांपुढे उभा राहून तो अमली पदार्थांविरुद्ध बोलत राहिला. व्यसनी माणूस हा केवळ गुन्हेगार नव्हे, तो रुग्ण आहे, त्याला उपचार मिळाले पाहिजेत, हे त्याचे आग्रहाचे मागणे होते. १९५७ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकाचा आशय असा, की कोणीही मनुष्य एकट्याच्या बळावर उभा राहत नाही. एकाही लढतीत बाद न झालेल्या माणसाने आपल्या आयुष्याला हे नाव द्यावे, यात केवढा अर्थ साठवलेला आहे! १७ जानेवारी १९६७ रोजी शिकागो येथे घशाच्या कर्करोगाने त्याचे निधन झाले. तेव्हा तो ५७ वर्षांचा होता.

वाचकहो, नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात नीतिमान मनुष्याविषयी जे म्हटले आहे, ते आपल्या परिचयाचे आहे. तो पडत नाही, असे तेथे म्हटलेले नाही. तो पुनःपुन्हा पडतो आणि उठतो, असे म्हटले आहे. उपदेशकाच्या चौथ्या अध्यायात मात्र पडलेला मनुष्य आणि त्याला उठवणारा सोबती अशा दोघांविषयी सांगितले आहे, आणि ज्याला असा सोबती नाही त्याच्याविषयी हळहळ व्यक्त केली आहे. मूळ हिब्रूत या दोन्ही ठिकाणी एकाच धातूची रूपे आहेत. आपल्या मराठीत ‘उठणे’ आणि ‘उठवणे’ असावे, तशीच. तालमूदच्या शिक्षकाचा पेशा ज्याच्यासाठी योजला होता, त्या रॉसने या दोन क्रियापदांमधील अंतर पुस्तकातून नव्हे, तर जीवनातून ओलांडले.

आपल्या मंडळ्यांतही न पडणाऱ्यांचे कौतुक फार होते. पण बाटलीपायी वा गोळ्यांपायी आतल्या आत कोसळत असलेला एखादा बंधू, एखादी भगिनी, रविवारी आपल्याच बाकावर, स्वच्छ कपडे घालून बसलेली असू शकते. मी पडलो आहे, हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले असतात; आपल्या चेहऱ्यांकडे पाहून ते परत फिरतात. रॉसला पुढे होऊन सांगावे लागले, आणि त्याचे ऐकून घेणारे, त्याला उपचारांपर्यंत पोहोचवणारे कोणीतरी होते. आपल्यापाशी कोणी असे सांगू लागला, तर आपण अंक मोजत उभे राहणार, की खाली वाकून हात देणार?