डोळ्याखालचा खळगा आणि डॉ. नॉयबर

डोळ्यांखालचे खळगे स्वतःच्याच चरबीने भरून घ्यायला आज लोक केवळ सौंदर्यासाठी येतात. सुरुवात मात्र आजारातून झाली. गुस्ताव नॉयबर (१८५०-१९३२) हे जर्मनीतील कील शहरातले शल्यविशारद, एस्मार्क यांच्या हाताखाली तयार झालेले. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणे त्या काळी नेहमीचेच. नॉयबर यांनी ते गृहीत धरले नाही. निर्जंतुक शस्त्रक्रियेसाठी त्यांनी स्वतःचे रुग्णालय उभारले. पू झालेल्या जागी चरबी जगत नाही, त्यामुळे पुढच्या कामाचा पाया इथेच पडला.

हाडाच्या जंतुसंसर्गानंतर डोळ्याच्या कडेला हाडाला चिकटून आत ओढले गेलेले व्रण त्यांनी दंडातील चरबीने भरले आणि १८९३ मध्ये ते मांडले. बदामापेक्षा लहान तुकडे टिकतात, मोठे नाही, असे त्यांना दिसले. काढलेल्या चरबीला रक्तपुरवठा उरत नाही. भोवतालून झिरपणारे पोषण मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही.

म्हणूनच आज चरबी बारीक नळीने थेंबाथेंबाने सोडतात. तरीही काही भाग विरघळतो. क्वचित चरबी रक्तवाहिनीत शिरून दृष्टी कायमची जाते. नॉयबर यांच्या रुग्णांचा चेहरा आजाराने विद्रूप झाला होता. वयाने पडलेल्या खळग्याचे तसे नाही.