मताधिकाराचे उद्गाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर

२७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत साउथबरो मताधिकार समितीपुढे सिडनहॅम महाविद्यालयातील सत्तावीस वर्षांच्या एका प्राध्यापकाने साक्ष दिली. ते होते भीमराव रामजी आंबेडकर. त्या काळी मताचा हक्क मुख्यतः मालमत्ता असणाऱ्या वा कर भरणाऱ्या थोड्या लोकांनाच असे. गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ ना जमीन, ना मिळकत; म्हणून राज्यकारभारात त्याला आवाजही नव्हता. अस्पृश्यांसाठी ही अट शिथिल करावी व त्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडू द्यावेत, अशी मागणी त्यांनी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराचाच आग्रह धरला. ते मसुदा समितीचे अध्यक्ष असताना घडलेल्या संविधानाच्या ३२६व्या कलमाने हा हक्क स्त्रीपुरुष, गरीब-श्रीमंत सर्वांना दिला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी स्मरण करून दिले, की लोकशाहीची रीत या भूमीस नवी नव्हे. भिक्खुसंघात ठराव, गणपूर्ती व मतमोजणी यांचे नियम होते. ती परंपरा एकदा लोपली. सामाजिक व आर्थिक विषमता कायम राहिली, तर नवी लोकशाहीही धोक्यात येईल, असा इशारा त्यांनी दिला.

१९५२ च्या निवडणुकीत मुंबईतून ते स्वतः पराभूत झाले. परंतु पूर्वी ज्यांना मतच नव्हते, ते लक्षावधी लोक त्या निवडणुकीचे मतदार होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुलगी मतदार यादीत प्रथमच आपले नाव पाहते, तेव्हा १९१९ ची ती साक्ष सार्थ होते.