ट्रंपेटवाले अंतोनियो वाज

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेंत संतांचीं, मिशनऱ्यांचीं व देवळाच्या उपकारकर्त्यांचीं चरित्रें यावयाचीं, हा जुना परिपाठ आहे. त्या मालिकेंत हॉटेलांत नाचाचीं गाणीं वाजविणाऱ्या एका बँडवाल्याचें चरित्र कां, असा प्रश्न कांहीं वडीलधाऱ्या वाचकांच्या मनांत येईल. येवो. सणाच्या दिवशीं देवळाच्या माडीवर वायोलिन धरणारे आणि सोमवारीं त्याच हातांनीं सिनेमाच्या स्टुडिओंत वाजविणारे किती तरी वादक माझगांव, भायखळा आणि धोबी तलाव या भागांत होऊन गेले. त्यांच्यापैकीं बहुतेकांचीं नांवें कोणत्याही फलकावर लागलीं नाहींत. ज्या एकाचें नांव थोडेंबहुत लागलें, त्याची हकीकत सांगितली असतां बाकीच्यांचीही थोडी सांगितल्यासारखी होईल.

अंतोनियो झेवियर वाज यांचा जन्म १९१६ सालीं गोमंतकांतील बार्देश महालांत हळदोणें गांवीं झाला. तेथील नदीकांठचें संत थॉमसाचें देऊळ १५९६ सालचें आहे. गोमंतकांत देवळाला लागून पॅरिशची शाळा असे, आणि तींत गायनमास्तर मुलांस केवळ प्रार्थना व गीतें शिकवीत नसत, तर पाश्चात्य स्वरलेखन वाचावयास शिकवीत. पांच रेघांवर मांडलेले सूर दो-रे-मी असे उच्चारून, हातानें ताल धरून, बिनचूक म्हणतां आले पाहिजेत. तोंवर वायोलिनला हात लावूं द्यावयाचा नाहीं, असा तो कडक क्रम होता. सहासात वर्षांचीं पोरें अशा शाळांत जें शिकलीं, त्यावर पुढें हिंदुस्थानांतील अर्धेअधिक बँड चालले, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. हें शिक्षण देण्यांत देवळाचा हेतु आपल्या उपासनेपुरता होता. परंतु पेरणाऱ्यास पीक कोठें कोठें उगवेल याचा अंदाज नसतो.

घरची परिस्थिति बेताची. मुलानें यंत्राचें काम शिकून मेकॅनिक व्हावें व चार पैसे मानानें मिळवावे, अशी आईची इच्छा होती असें सांगतात. त्या माउलीस दोष देतां येत नाहीं. वाजंत्र्याचा धंदा म्हणजे आज मेजवानी आणि उद्यां उपवास, हें तिनें गांवांत पाहिलेंच असेल. मुलानें मात्र ट्रंपेट हातीं घेतलें. या वाद्याचें व देवळाचें नातें मोठें चमत्कारिक आहे. दहावे पायस यांनीं १९०३ सालीं धर्मसंगीताविषयीं जो आदेश काढला, त्यांत देवळाच्या आंत बँड वाजविण्यास मनाई केली होती. मिरवणुकीपुरती बाहेर मोकळीक ठेविली होती. म्हणजे सणाच्या दिवशीं वायोलिनवाला माडीवर चढे आणि ट्रंपेटवाला दाराबाहेर उभा राही. अंतोनियो वाज दाराबाहेरच्या बाजूस गेले.

गोमंतकांत काम नव्हतें. वादकांनीं मुंबई, कलकत्ता, संस्थानिकांचे दरबार आणि आगबोटी गांठाव्या, हाच रिवाज. मुंबईंत आपापल्या गांवाच्या कुडांत पेटी ठेवावी, सायंकाळीं रोझरी म्हणावी आणि काम शोधीत हिंडावें. त्याच सुमारास या शहरांत एक नवें संगीत आलें. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णी वादकांचा संच ताजमहाल हॉटेलांत आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्या जॅझमध्यें कागदावर असे तें थोडें आणि वाजविणाऱ्याच्या मनांत असे तें फार. एकदां मूळ चाल सांगून झाली कीं प्रत्येक वादकानें उभें राहून त्याच चालीवर आपल्या बुद्धीनें नवी रचना जागच्या जागीं करावयाची. आमच्या वादकांची पंचाईत झाली असेल ती येथेंच. ज्यांनीं लहानपणापासून लिहिलेल्या सुरापासून रेसभर ढळावयाचें नाहीं हें व्रत पाळलें, त्यांनीं कागद बाजूस ठेवून बोलावयास शिकणें म्हणजे पोहणाऱ्यानें उडावयास शिकण्यासारखेंच.

वाज यांनीं गुरु केला तो तबकडींतला. लुई आर्मस्ट्राँग हे अमेरिकेंतील थोर ट्रंपेटवादक. त्यांचें वादनच नव्हे तर घोगऱ्या आवाजांतील गाणें आणि हातांतला पांढरा रुमालदेखील वाज यांनीं उचलला. लोक त्यांस हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले. नांवही बदललें, चिक चॉकलेट या नांवानें ते सर्वत्र ओळखले जाऊं लागले, आणि वाज हें आडनांव बाप्तिस्म्याच्या वहींत राहिलें. अनुकरण हें कलावंतास कमीपणाचें, असें कांहीं टीकाकार म्हणतात. मला तें पटत नाहीं. गायनमास्तराच्या मागें म्हणत म्हणतच सूर बसतो. मात्र मास्तर गप्प झाल्यावर सूर टिकला पाहिजे. वाज यांचा टिकला. १९४५ च्या सुमारास त्यांचा म्यूझिक मेकर्स हा स्वतःचा संच ग्रीन्स हॉटेलांत वाजवूं लागला. ताजच्या शेजारचें हें हॉटेल पुढें पाडलें गेलें व त्या जागीं ताजचा उंच मनोरा उभा राहिला. या संचाच्या ग्रामोफोन तबकड्याही निघाल्या.

स्वराज्य आलें, गोरे गिऱ्हाईक बोटीवर चढलें, आणि १९४९ सालीं मुंबई सरकारनें दारूबंदीचा कायदा केला. दारूबंदी चांगली कीं वाईट हा वाद येथें नको. परंतु नाचघरें ओस पडूं लागलीं आणि वादकांच्या पोटावर पाय आला, ही गोष्ट खरी. मग सारी मंडळी सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. वाज यांचा पाय तिकडे आधींच पडलेला होता.

स्टुडिओंतील काम कसें चाले, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. हिंदी चित्रपटाचे संगीतकार बहुधा आपल्या रागदारीच्या परंपरेंतले. ते पेटीवर बसून चाल बांधीत, ती गोड असे. परंतु चाळीस-पन्नास वाद्यें हाताशीं असतां कोणी केव्हां काय वाजवावें, हें लिहून काढण्याचें शास्त्र त्यांच्या परंपरेंत नव्हतें. आमच्याकडे एका वेळीं एकच सूर; तिकडे एकाखालीं एक असे तीन-चार सूर जुळवावयाचे. तेव्हां चाल ऐकून ती रेघांवर उतरविणें, तिच्याखालीं सूर भरणें, दोन कडव्यांमधील मोकळी जागा वाद्यांनीं सजविणें आणि प्रत्येक वादकापुढें त्याचा कागद ठेवणें, हें सर्व सहाय्यकाचें काम. हे सहाय्यक बहुतेक गोमंतकीय ख्रिस्ती. पडद्यावर नांव लागावयाचें तें संगीतकाराचें.

वाज यांचें सूत जुळलें तें सी. रामचंद्र यांच्याशीं. रामचंद्र नरहर चितळकर हे नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे. वयानें वाज यांच्याहून दोन वर्षांनीं लहान. एक ब्राह्मण घरांतला भावगीताच्या गोडव्याचा मराठी संगीतकार आणि दुसरा हळदोण्याचा जॅझवाला, हे दोघे ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधि’ (१९५०) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांच्या गाण्यांत असे मिसळले कीं कोठें एकाचें संपतें व कोठें दुसऱ्याचें सुरू होतें हें कानास सांगतां येत नाहीं. ‘अलबेला’ काढला तो भगवान आभाजी पालव यांनीं, एका गिरणीकामगाराच्या मुलानें. आणि गिरणगांवच्या चाळींतून, गणपतीच्या मंडपांतून ज्या गाण्यांवर माणसें नाचलीं, त्यांत ताजच्या नाचघरांतले ताल होते, हें नाचणाऱ्यांच्या गांवींही नव्हतें. आमच्या लग्नांतूनही तीं गाणीं वाजत आलीं आहेत, आणि वरातींतील बँडवाल्यानें तीं सुरू केलीं म्हणजे पाद्र्याचाही पाय कधीं कधीं ठेका धरतो, हें कबूल केलेलें बरें.

पुढें मदनमोहन यांच्याबरोबरही त्यांनीं पुष्कळ काम केलें. परंतु दुसऱ्याच्या चालीस कपडे चढविणारा मनुष्य आपली स्वतःची चाल केव्हां तरी बांधूं पाहणारच. १९५१ सालींच ‘नादान’ या चित्रपटास संगीतकार म्हणून चिक चॉकलेट हें नांव स्वतंत्रपणें लागलें. त्यांतलें तलत महमूद यांचें एक गाणें जाणते रसिक अजून आवडीनें ऐकतात. विशेष हें कीं त्यांत ट्रंपेटचा तोरा नाहीं. चाल हळुवार, संथ, जणु दुसऱ्याच कोणा मनुष्याची. त्यानंतरही एकदोन चित्रपट त्यांस मिळाले, पण संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाहीं. याचें कारण मला असें वाटतें कीं, निर्मात्यांस त्यांच्यापासून नाचाचा ताल हवा होता व त्यांच्या स्वतःच्या मनांत जें होतें तें निराळें होतें. गुणवान मनुष्यावर एकदां शिक्का बसला म्हणजे तो पुसून काढण्यास एक आयुष्य पुरत नाहीं. ते पुन्हा सहाय्यकाच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि तेथें काम करण्यास त्यांनीं संकोच मानला नाहीं.

१९६७ सालीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं, ते निवर्तले. ट्रंपेटवाल्याची सर्व भिस्त ओठांवर आणि फुप्फुसांवर. रात्रीं हॉटेलांत व दिवसां स्टुडिओंत वाजवून हें शरीर किती झिजतें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. त्या पिढींतील वादकांपैकीं कांहींच्या अखेरच्या आजारांत पवित्र तैल घेऊन मी गेलों आहें. कपाटावर वाद्याची पेटी, आंत वाद्य नाहीं, केव्हांच विकलेलें. चित्रपटांचीं नांवें विचारलीं तर त्यांस सांगतां येत नसत, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळीं चित्रपटाचें नांव वादकांस कोणी सांगतच नसे. गाण्याचा आपला भाग मात्र ते बोटांनीं चादरीवर वाजवून दाखवीत.

‘अलबेला’ अजून पहावयास मिळतो. त्यांतल्या एका नाचाच्या गाण्यांत, झालरीच्या बाह्यांचा पोशाख केलेला एक बँड पडद्यावर दिसतो. तो चिक चॉकलेट यांचा संच, आणि ट्रंपेट ओठांस लावून उभे आहेत ते हळदोण्याचे अंतोनियो झेवियर वाज.