इरावतीबाई आणि १४९ कवट्या

काही वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातलं एक कुटुंब दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या ओपीडीत आलं. दोन्ही हातांची बोटं सुजलेली, अंगात ताप, रक्त कमी. अशा वेळी आमच्याकडच्या डॉक्टरच्या मनात पहिली शंका सिकलसेलची येते. तपासणीत एसएस पॅटर्न निघाला. सोबतच्या आजोबांना ते काही केल्या पटेना. हा आजार आमच्या जातीत नसतोच, असलाच तर सुनेच्या माहेरून आला असेल, असं त्यांचं म्हणणं. सून मान खाली घालून उभी होती.

एसएस होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील, दोघांकडूनही यावं लागतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मुलाच्या वडिलांचं रक्त तपासलं. ते एएस, म्हणजे वाहक निघाले. मग आजोबांनी स्वतःचंही रक्त दिलं. तेही एएस. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की, मग आमच्यात हे आलं कुठून?

मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या दवाखान्यांत वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो आहे. तो ऐकला की मला इरावती कर्वे आठवतात. त्या डॉक्टर नव्हत्या. आपण कोण, आपल्यात कोण कोण मिसळलं आहे आणि त्याचा आपल्या लायकीशी काही संबंध आहे का, हे प्रश्न मात्र त्यांनी आयुष्यभर हाताळले, आणि तेही मोजपट्टी घेऊन.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. इरावती ही तिथली मोठी नदी, तेच नाव मुलीला ठेवलं. चित्पावन घरातल्या मुलीला ब्रह्मी नदीचं नाव! सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि तिच्या आईने इरावतीला आपल्याच घरी ठेवून घेतलं. हे घर रँग्लर परांजप्यांचं. देवधर्म न मानणारं, पुस्तकांनी भरलेलं. याच शकुंतलाबाई पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी प्रसिद्ध झाल्या. त्यांनी एका रशियन चित्रकाराशी लग्न केलं. दिग्दर्शिका सई परांजपे या त्यांच्या कन्या. म्हणजे संमिश्र कुटुंब ही गोष्ट इरावतीबाईंना पुस्तकात शोधावी लागली नाही, ती त्यांच्या बहिणीसारख्या मैत्रिणीच्या घरातच होती.

१९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या बी.ए. झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्या त्यांना चारचौघांत दिनू म्हणत आणि पुण्यातल्या पुण्यात स्कूटरवरून फिरत, हे जुने पुणेकर अजून सांगतात. मुंबई विद्यापीठात त्या डॉ. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी झाल्या. १९२८ साली एम.ए.साठी त्यांनी विषय घेतला तो आपल्याच जातीचा, चित्पावनांचा. समुद्रातून वाहून आलेल्या प्रेतांना परशुरामाने चितेवर शुद्ध करून जिवंत केलं, ही या जातीची उत्पत्तिकथा. गोरा रंग आणि घारे डोळे बघून कोणी त्यांना थेट परदेशातून आणून बसवत होते. अशा कथा प्रत्येक जातीपाशी असतात. आपण शुद्ध आणि दुरून आलेले, हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं.

पुढे जर्मनीला जायचं ठरलं. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या महर्षींना सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं, ही गंमतच म्हणायची. दिनकरराव मात्र पाठीशी उभे राहिले. स्वतः त्यांचं संशोधनही जर्मनीतच झालं होतं. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

तिथली संस्था होती कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था आणि प्रमुख होते ऑयगन फिशर. या गृहस्थांची ओळख नीट करून द्यायला हवी. १९०८ साली ते आजच्या नामिबियात रेहोबोथ नावाच्या गावी गेले होते. तिथे युरोपीय पुरुष आणि स्थानिक खोईखोई स्त्रिया यांची संतती पिढ्यान् पिढ्या राहत होती. त्यांना बास्टर म्हणत. शब्द शिवीचा, पण त्या लोकांनी तो स्वतःचं नाव म्हणून अभिमानाने घेतला आणि आजही ते तेच नाव लावतात. फिशर यांनी त्यांचे केस, डोळे, कातडी यांच्या नोंदी घेतल्या, वंशावळी काढल्या आणि १९१३ साली ग्रंथ लिहिला. मेंडेलचे नियम माणसाला लागू होतात हे दाखवायचा तो एक सुरुवातीचा प्रयत्न, म्हणून त्याचं फार कौतुक झालं. पण त्याच ग्रंथात त्यांनी असाही निष्कर्ष काढला की, अशा मिश्रणामुळे युरोपीय वंशाची हानी होते. मोजमाप एक सांगतं आणि माणूस दुसरंच लिहितो, याचं हे उदाहरण मला फार भेदक वाटतं.

फिशर यांनी या भारतीय विद्यार्थिनीला विषय दिला कवटीच्या असमानतेचा. त्यांचा कयास असा की, गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची पुढची उजवी बाजू मोठी असते, कारण तिथला मेंदू मोठा असतो, आणि म्हणून बुद्धीही जास्त. इतर वंशांत हा फरक दिसणार नाही. इरावतीबाईंपुढे १४९ कवट्या ठेवल्या गेल्या, युरोपातल्याही आणि युरोपाबाहेरच्याही. त्यांनी प्रत्येक कवटीची डावी-उजवी बाजू मोजली आणि आकडे मांडले. असमानता सगळीकडे होती, पण वंशाशी तिचा काहीही संबंध जुळत नव्हता. त्यांनी तसंच लिहिलं.

हे लिहिणं किती अवघड होतं, याचा विचार करा. विशी-पंचविशीतली परक्या देशातली बाई, कर्जाच्या पैशांवर शिकणारी, आणि परीक्षक तोच, ज्याचा सिद्धांत खोटा ठरतो आहे. आकडे थोडे इकडचे तिकडे करणं कठीण नव्हतं. २०२४ साली निघालेल्या 'इरू' या त्यांच्या चरित्रात म्हटलं आहे की, फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली. पदवी मात्र मिळाली.

आम्ही डॉक्टर रोज सीटी स्कॅन बघतो. डोक्याचा उजवा पुढचा भाग आणि डावा मागचा भाग किंचित जास्त फुगीर असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. स्कॅनच्या पाकिटावरचं आडनाव झाकलं, तर त्यावरून रुग्णाचा धर्म किंवा जात कोणालाही सांगता येणार नाही.

इरावतीबाई परतल्या आणि काहीच वर्षांत जर्मनीत हिटलर आला. फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाईन नदीच्या भागात फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी शिपाई तैनात होते. त्यांच्यापासून जर्मन स्त्रियांना झालेली मुलं तिथे वाढत होती. जन्माने, भाषेने ती जर्मनच. १९३७ साली त्यांतल्या सुमारे चारशे जणांची गुपचूप नसबंदी करण्यात आली. त्यासाठी वांशिक तपासणीचे अहवाल देणाऱ्यांत याच संस्थेतले तज्ज्ञ होते. हातात मोजपट्टी तीच, कदाचित टेबलही तेच. शस्त्रक्रिया करणारे माझ्याच पेशातले होते, हे विसरून चालत नाही.

इकडे इरावतीबाई १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. मोजपट्टी घेऊन त्या महाराष्ट्रभर हिंडल्या. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या मोजमापांचं पुस्तक १९५१ साली काढलं. त्यांच्या लक्षात आलं की, ज्याला आपण एक जात समजतो तो बहुधा अनेक गटांचा जुडगा असतो. कुंभारांचंच बघा. थोरचाके वेगळे, लहानचाके वेगळे. चाक वेगळं, रीत वेगळी आणि बेटीव्यवहार नाही. एका मूळ जातीचे तुकडे पडून पोटजाती झाल्या, असं त्यांचे गुरू घुर्ये मानत. बाईंचं मत उलट होतं. वेगवेगळ्या मुळांचे गट एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले, असं त्या म्हणत. इथेही त्यांनी गुरूची भीड ठेवली नाही.

१९६८ साली कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण गटांची तुलना प्रसिद्ध केली. शरीराची मापं, रक्तगट, रंगांधळेपणा असं बरंच काही तपासलं. दर्जा सारखा, पोथ्या सारख्या, पण शरीराचा हिशेब वेगवेगळा निघाला. ब्राह्मण म्हणून एकच रक्त असतं ही समजूत तिथे संपली.

एक गोष्ट मला त्यांची खटकते. वंश ही कल्पनाच निरुपयोगी आहे, इथपर्यंत त्या कधी गेल्या नाहीत. नाकाची रुंदी आणि डोक्याची लांबी त्या अखेरपर्यंत मोजत राहिल्या. बर्लिनच्या शाळेची सवय पूर्ण सुटली नाही, असं म्हणायला हवं. पण माणूस कोण हे मापावर ठरत नाही, हे त्यांना वारीत जेवढं कळलं तेवढं प्रयोगशाळेत कळलं नसावं. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पायी पंढरपूरला गेल्या. सोबतच्या बाया एकच अभंग म्हणतात आणि जेवायला मात्र जातवार वेगळ्या बसतात, याचं त्यांना फार दुःख झालं. तरीही ज्या मुलखाची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना याच वाटेवर सुचली. तिच्यात कवटी नाही आणि रक्तही नाही. 'युगान्त' लिहिताना त्यांनी महाभारतातली माणसं निवडली, तीही बहुतेक अशीच, ज्यांच्या बापाचा किंवा कुळाचा प्रश्न कधी सरळ सुटत नाही. त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्या वारल्या, वयाच्या ६४ व्या वर्षी.

त्यांच्यानंतर मोजपट्टीची जागा डीएनएने घेतली. २०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि हार्वर्ड इथल्या शास्त्रज्ञांनी भारतीय उपखंडातले ७३ गट तपासले. साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथे प्रचंड मिश्रण झालं आणि मग जातीबाहेर लग्नं जवळजवळ थांबली, असं त्यांना दिसलं. हे मिश्रण आदिवासी गटांतही आहे आणि ज्यांना आपण उच्च म्हणतो त्यांच्यातही आहे. सिकलसेलचं जनुक अशाच वाटांनी फिरलं असणार. भारतात आढळणारा त्याचा प्रकार पूर्व सौदी अरेबियातही सापडतो. एएस माणसाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात ते टिकून राहिलं. आतल्या आत लग्नं होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि अशा जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. काही जातींत ते जास्त दिसतं, हे खरं. एखाद्या जातीत ते नसतंच, हे मात्र कोणीही छातीवर हात ठेवून सांगू नये.

हे सगळं मी त्या आजोबांना एका बैठकीत सांगू शकलो नाही. मूल दर महिन्याला यायचं, तेव्हा थोडं थोडं बोलणं व्हायचं. सुनेला बोल लावणं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच थांबलं होतं. दीड वर्षाने त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न जुळत होतं. तेव्हा आजोबा स्वतः मुलाला आणि होणाऱ्या सुनेला तपासणीसाठी घेऊन आले. मुलगा एएस निघाला, मुलगी एए. अशा जोडप्याला एसएस मूल होत नाही. रिपोर्ट घेऊन ते तसेच मुलीच्या वडिलांना भेटायला गेले.