ॲडमिरल ग्रेस हॉपर

आपल्या रामदासपेठेतील कित्येक विद्यार्थी आज गणकयंत्रापुढे बसून आज्ञावली लिहिण्याचा अभ्यास करितात. एखादे चिन्ह गळाले की यंत्र ती आज्ञावली नाकारते आणि कोणत्या ओळीत काय चुकले हे पडद्यावर दाखविते. हे काम कंपायलर नावाची दुसरी एक आज्ञावली करीत असते. मनुष्याने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देणे हे तिचे मुख्य कर्तव्य होय. परंतु मजकूर अशुद्ध असल्यास तसे स्पष्ट सांगणे, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत ग्रेस हॉपर या विदुषीचे नाव अग्रभागी आहे.

ग्रेसबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. सात वर्षांच्या असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातील सात घड्याळे एकामागून एक खोलून ठेविली. मातोश्रींनी तो नाद मोडला नाही. मात्र पुढे एकाच घड्याळावर भागवावे, असे बजाविले. व्हासार कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी लॅटिन विषयात त्या नापास झाल्या; तथापि खचून न जाता पुढील वर्षी त्यांनी प्रवेश मिळविला. १९२८ साली त्या पदवीधर झाल्या व १९३४ साली येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली.

व्हासारमध्ये अध्यापन करीत असताना त्या गणिताच्या वर्गात निबंध लिहावयास लावीत आणि त्यांतील भाषादोष तपाशीत. हा गणिताचा वर्ग की भाषेचा, अशी विद्यार्थिनींची कुरकुर होई. परंतु जे दुसऱ्यास नीट सांगता येत नाही ते गणित व्यर्थ होय, असे बाईंचे मत होते.

महायुद्ध पेटल्यावर त्यांनी आरमारात जाण्याचे ठरविले. वय अधिक व वजन कमी, अशा दोन्ही अडचणी असताही सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. १९४४ साली त्यांची नेमणूक हार्वर्ड येथील मार्क १ या सुमारे ५१ फूट लांबीच्या गणकयंत्रावर झाली. त्या काळी प्रत्येक आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून द्यावी लागे, आणि एक छिद्र चुकले तरी सारे गणित फसे.

या कष्टांतूनच त्यांना युक्ती सुचली, की भाषांतराचे हे किचकट काम यंत्राकडूनच का करवून घेऊ नये? १९५२ साली त्यांनी ए-० नावाचा पहिला कंपायलर सिद्ध केला. यंत्राने फक्त आकडेमोड करावी, अशी समजूत रूढ असल्यामुळे प्रथम कोणी विश्वास ठेवीना. पुढे त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा स्वीकारणारी फ्लो-मॅटिक ही भाषा रचली आणि तिच्याच आधारे १९५९ साली कोबोल या भाषेची आखणी सुरू झाली.

पण प्रत्येक कारखानदाराचा कंपायलर कोबोल आपापल्या परीने वाचू लागला. १९६६ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या बाईंना आरमाराने १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलाविले. ते सहा महिने पुढे कित्येक वर्षे लांबले. त्यांच्या देखरेखीखाली कंपायलरांचीच परीक्षा घेणाऱ्या आज्ञावली तयार झाल्या, आणि भाषेचे नियम कोण पाळतो व कोण मोडतो हे पुराव्यानिशी दिसू लागले.

अशा परीक्षेत शुद्ध मजकूर स्वीकारला जातो एवढेच पाहून भागत नाही. परीक्षक मुद्दाम अशुद्ध मजकूर लिहितात, कोणत्या ओळीवर कोणता दोष निघाला पाहिजे हे आधीच नोंदवितात, आणि कंपायलरचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहतात. एक पूर्णविराम गळाला असता जो कंपायलर पन्नास खोट्या चुका दाखवितो, तो लिहिणाऱ्यास गोंधळात पाडतो.

काही चुका तर कंपायलरासही दिसत नाहीत. रक्कम शंभराहून अधिक असल्यास सूट द्यावी. त्यानंतर पावती लिहावी, अशा दोन आज्ञा घ्या. कोबोलमध्ये या दोहोंमधील पूर्णविराम राहिला, तर पावतीही शंभराहून अधिक रकमेलाच मिळेल! मजकूर नियमात बसल्यामुळे यंत्र चूक दाखविणार नाही. ती लिहिणाऱ्यानेच शोधली पाहिजे.

१९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर ॲडमिरल या हुद्द्यावरून बाई निवृत्त झाल्या आणि १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले. २०१६ साली अमेरिकेने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान अर्पण केला.

विद्यार्थिमित्रहो, वहीवर नुसती लाल फुली मारणाऱ्या गुरूपेक्षा चूक कोठे व का झाली हे दाखविणारा गुरू श्रेष्ठ होय. यंत्राकडूनही हीच अपेक्षा ठेवावी, हे आज सर्वमान्य झाले आहे. तेव्हा वहीत वा पडद्यावर आपला दोष दाखविला गेला, तर रागावू नका. ती ओळ पुन्हा वाचा. कारण चूक दाखविणारा कितीही दक्ष असला, तरी ती सुधारणे आपल्याच हाती असते.