पंडिता रमाबाई आणि पवित्र शास्त्र

पंडिता रमाबाईंचे नाव ज्याने ऐकले नाही असा मनुष्य आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. दुष्काळातून आणिलेल्या मुली, विधवांची शाळा, केडगावचे मुक्तिसदन, हे सर्व पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु या बाई शास्त्र कसे वाचीत व त्यातून प्रार्थना कशी करीत, ही गोष्ट मागे पडली आहे. आज तीच थोडक्यात सांगावयाची आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले होते. घरकामाच्या रगाड्यात आईला दिवसा उसंत मिळेना, म्हणून ती पहाटे पाखरे किलबिलू लागताच झोपेने डोळे जड झालेल्या रमेस गोंजारून उठवी आणि पाठ सांगे. पुस्तक नसे; आईचे तोंड हेच पुस्तक. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. पहाटेची ती सवय त्यांस जन्मभर पुरली.

पुढे तीर्थयात्रेत पुराणे सांगत फिरत असता दुष्काळाने गाठले आणि आईबाप व थोरली बहीण यांस मृत्यूने नेले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच शहरी काही ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या हाती संस्कृत बायबल दिले. पण त्याची भाषा व शिकवण त्यांस अगदी परकी वाटली. विद्वत्तेच्या बळावर हे पुस्तक उघडत नाही, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. १८८० साली विवाह झाल्यावर आसामात सिल्चर येथे लूककृत शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत त्यांस सापडली. ती मात्र त्यांनी आवडीने वाचली. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी वारले, आणि तान्ह्या मनोरमेस घेऊन त्या पुण्यास आल्या.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींनी त्यांस लंडनातील फुलहॅम येथे पतित स्त्रियांसाठी चालविलेले एक आश्रयगृह दाखविले. ज्या स्त्रियांस जग दारात उभे करीत नाही त्यांची सेवा येथे प्रेमाने चाललेली पाहून बाईंनी कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या विहिरीपाशी रमाबाई थबकल्या असेच म्हटले पाहिजे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांस कित्येक वर्षे वाटत होते. १८९१ च्या सुमारास मात्र त्यांच्या मनाचे समाधान झाले.

येथूनच अडचणीला आरंभ झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन आता पुण्यास आले होते. तेथे कोणालाही ख्रिस्ती धर्म शिकवावयाचा नाही असा करार होता. बाई आपल्या खोलीत मनोरमेसह सकाळी शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. मात्र खोलीचे दार त्या लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. शहरात ओरड झाली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी आपले अंग काढून घेतले व पुष्कळ पालकांनी मुली नेल्या. पालकांच्या भीतीस काहीच आधार नव्हता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या होत्या. परंतु बाईंचा प्रश्नही खरा होता. मुलींस बळेच बोलवावयाचे नाही हे त्यांनी पाळले. पण स्वतःचे प्रार्थनेचे दार लावावयाचे, हे त्यांच्याने होईना. दार उघडेच राहिले.

जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि अन्नवस्त्रासाठी देवाकडेच मागावयाचे हा धडा केडगावी त्यांनी प्रत्यक्ष गिरविला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणिल्या. जानेवारी १९०५ मध्ये वेल्समधील जागृतीची बातमी ऐकून त्यांनी मुलींस रोज एकत्र प्रार्थना करण्यास सांगितले. आरंभी सुमारे सत्तर जणी जमत. पुढे ती संख्या कितीतरी वाढली, आणि जून महिन्यात मुक्तिसदनात मोठी जागृती झाली.

याच सुमारास त्यांनी आपले शेवटचे काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबलातील भाषा संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईस ती कळत नाही, आणि त्यातील कित्येक शब्दांबरोबर जुन्या मतांचे अर्थ चिकटून येतात, असे त्यांचे मत होते. पहा, हे म्हणणारी बाई संस्कृताची सरस्वती! सत्तेचाळिशीच्या घरात त्या इब्री व हेल्लेणी शिकावयास बसल्या. कान मंद झालेले, सदनात दोन हजारांच्या आसपास जीव पोसावयाचे, तरी पहाटेची वेळ राखून त्यांनी मूळ ग्रंथांपासून साध्या मराठीत भाषांतर चालविले. छापखानाही सदनातच होता, व त्यात खिळे जुळविणाऱ्या बाया कालपरवा अक्षरओळख नसलेल्या, दुष्काळातून वाचलेल्या होत्या. इब्री व हेल्लेणी अक्षरेही त्या हातांनी जुळविली. बाईंनी मूळ शब्दांस इतके धरून ठेविले की काही ठिकाणी वाक्य खडबडीत झाले, हे कबूल केले पाहिजे. मंडळ्यांतून ते भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. परंतु एका शब्दासाठी प्रार्थनेत थांबून राहणे म्हणजे काय, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ते पुस्तक अवश्य हाती घ्यावे.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. जिच्यावर सर्व भार सोपवावयाचा तीच गेली. बाईंची प्रकृती खालावली, पण तपासावयाचे छापील कागद अद्याप उरले होते. ते पुरे करण्यासाठी त्यांनी देवाजवळ दहा दिवस मागून घेतले असे सांगतात. कागद तपासून झाले. ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे रमाबाईंनी झोपेतच देह ठेविला. संपूर्ण बायबल छापून निघाले ते १९२४ साली, त्याच बायांच्या हातून.