संत जोसेफ वाझ : टाकून दिलेल्यांचे सोबती



१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. गोव्याच्या या धर्मगुरूंचे नाव आपण ऐकून आहोत, पण त्यांचे जीवन फार थोड्यांना ठाऊक आहे. ते आज थोडक्यात सांगतो.

जोसेफ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली ते धर्मगुरू झाले आणि गरिबांसारखे अनवाणी चालू लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक करारपत्र लिहून स्वतःला पवित्र मरियामातेचा कायमचा गुलाम ठरवून घेतले. त्या काळी गोव्यात गुलामांची खरेदी-विक्री चाले. गुलाम म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होते आणि वाचणाऱ्यालाही.

त्या सुमारास लंकेची बातमी गोव्यात येत होती. लंकेचा किनारा डच लोकांनी जिंकला होता आणि कॅथोलिक धर्मगुरूंना तेथे बंदी केली होती. हजारो कॅथोलिक कुटुंबे वर्षानुवर्षे मिस्साविना राहत होती. जोसेफ यांना तिकडे जायचे होते, पण वरिष्ठांनी त्यांना १६८१ मध्ये कानडा प्रांतात पाठवले. ते निमूटपणे गेले आणि तीन वर्षे तेथे काम केले. परत आल्यावर ते जुन्या गोव्यातील काही धर्मगुरूंच्या समूहात सामील झाले. त्यातूनच ओरेटरी ही संस्था उभी राहिली आणि तिचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

आता मान होता, शांत जागा होती. तरीही त्यांनी पद सोडले आणि लंकेला जाण्याची परवानगी स्वतः मागून घेतली. १६८७ मध्ये मजुराच्या वेशात, जॉन नावाच्या सेवकासह, ते जाफना येथे उतरले. प्रवासाच्या हालांनी त्यांना जबर हगवण लागली होती. बरे झाल्यावर ते गळ्यात रोझरी घालून दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. ती रोझरी पाहून ज्यांचे डोळे चमकत, ते आपले लोक, हे त्यांना कळे.

१६९२ मध्ये ते कँडीच्या राज्यात पोचले. तेथे बौद्ध राजाची सत्ता होती. कोणीतरी चुगली केली आणि पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्यांनी त्या दिवसांत सिंहली भाषा शिकून घेतली. हळूहळू पहारा सैल झाला आणि त्यांनी एक झोपडीवजा चर्च बांधले.

मग १६९७ साल उजाडले आणि कँडीत देवीची साथ आली. लोक शहर सोडून पळाले. घरच्यांनी घरच्या रोग्यांना भीतीपोटी रानात नेऊन टाकले. फादर जोसेफ आणि त्यांचे सहकारी फादर कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी रोग्यांसाठी झोपड्या उभारल्या. ते घरोघर आणि रानोमाळ फिरून रोग्यांना शोधत, अन्नपाणी देत, जखमा धूत, मेलेल्यांना पुरत. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे त्यांनी विचारले नाही. ही सेवा पाहून राजाने त्यांना धर्मकार्याची मोकळीक दिली. पुढे मोठे पद चालून आले, ते त्यांनी नाकारले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथेच त्यांनी देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार मी परीक्षेसाठी पाठ केला होता : आनंद ही नुसती मनाची अवस्था नसून चांगले कर्म करीत जगणे हाच आनंद होय. तेव्हा चांगले गुण मिळाले. त्याचा अर्थ मात्र मला फादर वाझ यांच्या चरित्रात सापडला. लंकेत त्यांनी सुखाचा शोध घेतल्याचे कुठे दिसत नाही. पण चोवीस वर्षांत परत फिरावे असेही त्यांना कधी वाटले नाही. ज्यांच्याजवळ कोणी नव्हते, त्यांच्याजवळ त्यांची जागा होती.

एक कबुली देतो. २०२१ च्या करोना लाटेत काही घरांसाठी मी फोनवरच प्रार्थना केली. नियम होते हे खरे, पण भीतीही होती. नियम सैल झाल्यावरही मी काही दारांपर्यंत जायला उशीर केला. हे चरित्र वाचताना ती दारे आठवतात.

आपल्या वाळूजमध्ये कंपन्यांच्या कामासाठी किती गावांहून, किती राज्यांतून माणसे आली आहेत! चार-पाच जण एका खोलीत राहतात. त्यातला एक आजारी पडला की बाकीच्यांना शिफ्ट चुकवता येत नाही. घाटीत दाखल झाला तर केसपेपर काढायला, औषध आणायला, रात्री उशाशी बसायला माणूस नसतो. आज रानात कोणी कोणाला टाकत नाही, पण एकटे पडायला रान लागतेच असे नाही.

तुमच्याही शिफ्ट असतात, मुलांच्या परीक्षा असतात, हे मी जाणतो. म्हणून फार मागत नाही. महिन्यातून एक सुट्टी, दोन तास. ज्यांना जमेल त्यांनी मिस्सानंतर मला भेटावे. पहिल्या फेरीला मी स्वतः सोबत येईन.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती करा.

आपला धर्मगुरू